काहीच न करणाऱ्यांच्या गटात

हसा, हसा! तुम्हाला हसायला काय जातंय? तुम्हाला कुणी सासरच्या भरल्या दिवाणखान्यात 'फळी' म्हटलंय का? नाही ना? मग तुम्हाला काय कळणार! अहो, माणूस जाड म्हणून घेईल, टकल्या म्हणून घेईल, एक वेळ गाढव म्हणूनसुद्धा घेईल... गाढवाला निदान चार पाय असतात, हलतं बिचारं. पण फळी? फळी म्हणजे काय हो? भिंतीला टेकवून ठेवायची आणि विसरून जायचं! आणि म्हणालं कोण, तर साडू!

तुम्हाला सांगतो, साडू हे नातं ज्याने काढलं ना, त्याला माणसं सुखात असलेली बघवत नव्हती. बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणजे तुमचा कोण? तुमचा कुणीच नाही! पण तुम्ही काय घालता, काय कमावता, किती घोरता, सगळं त्याच्याशेजारी ठेवून मोजलं जाणार. बरं, मी मोठा जावई. मानाने मोठा, वयाने मोठा, पोटाने तर आहेच. तो धाकटा. फर्निचरच्या शोरूममध्ये मॅनेजर आहे. दिवसभर लोकांना सोफ्यावर बसवतो आणि स्वतः उभा. त्यामुळे अंगाने असा सडसडीत, की चालताना वाटतं याच्या टाचांखाली स्प्रिंग बसवलीय. आणि मी चष्म्याचा दुकानदार. दिवसभर लोकांना बसवतो, आणि समोर मीही बसतो. माझं काय चुकलं?

तर या सगळ्याच्या मुळाशी आहे आमच्या मेव्हण्याची मुलगी. गुणी पोरगी, मला तिच्याबद्दल काहीएक म्हणायचं नाही. ती व्यायामशास्त्रात डॉक्टरेट करते. विषय एवढा लांब की तो वाचतानाच एखाद्याचा व्यायाम व्हावा: मध्यमवयीन माणसांची लवचिकता, ताकद, हातापायांचा मेळ आणि या सगळ्याचा तब्येतीशी संबंध. एक दिवस दुकानात आली, काउंटरवर कोपरं टेकली आणि म्हणाली, "आतोबा, मला माणसं कमी पडतायत. याल?" आता आत्याचा नवरा म्हणून जिने मला लहानपणापासून आतोबा म्हटलं, तिला नाही कसं म्हणणार? म्हटलं, "येतो की! काय न्यायचंय सोबत?" म्हणाली, "काही नाही. सैल कपडे." आणि जाता जाता, पायरीवरून, अगदी सहज, "धाकट्या आतोबांना पण विचारलंय हं!"

तिथेच मी कपडे घट्ट करून घरी बसायला हवं होतं!

ती प्रयोगशाळा म्हणजे काय, एक लांबलचक खोली. निळ्या गाद्या, रबराचा वास, एका भिंतीला आरसा... आणि तोही असा प्रामाणिक, की त्यात पोट आत घेतलं तरी घेतल्यासारखं दिसत नाही. पहिलं यंत्र हातात दिलं मुठीची ताकद मोजायचं. आवळलं. ठीक. मग एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटून. मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा भाचीच्या खांद्यावर होतो. मग चेंडू भिंतीवर उजव्या हाताने मारायचा आणि डाव्याने झेलायचा. माझा चेंडू भिंतीवरून जो सुटला, तो वजनकाट्याच्या मागे गेला आणि आजतागायत सापडलेला नाही. इथपर्यंत सगळं चाललं होतं. मग आली ती पेटी.

लाकडी पेटी. जमिनीवर बसायचं, पाय सरळ, तळवे पेटीला टेकवायचे, गुडघे वाकवायचे नाहीत, आणि हात पुढे नेऊन पेटीवरची पट्टी बोटांनी ढकलायची. बस. लहान मूल करेल! मी हात पुढे केले. बोटं गुडघ्यांवरून पुढे निघाली, आणि नडगीवर येऊन थांबली. का थांबली? त्यांनाच माहीत. पेटी तिथे, बोटं इथे, आणि मधे एवढी जागा की तिथे टीपॉय टाकून चहा घेता आला असता.

भाची म्हणते, "अजून थोडं, आतोबा."

म्हटलं, "बाळ, हे अजूनच आहे!"

आणि मागून आवाज, "साडूभाऊ, मागून ढकलू का?"

मग तो स्वतः बसला. बसला आणि वाकला, आणि वाकतच गेला हो! पट्टी सर्रकन पलीकडे. वरून मान वळवून, त्या तसल्या अवस्थेत, माझ्याकडे बघून हसतो आणि म्हणतो, "मी इतकी वर्षं फर्निचर विकतोय, पण एवढा सरळ माल नाही पाहिला बुवा. ही तर फळी आहे फळी! रंधा मारायची गरज नाही!"

भाची हसली. तीसुद्धा! ओठ दाबून, पण हसली. आणि रविवारी सासरी गेलो, तर ही बातमी माझ्या आधी जाऊन सोफ्यावर बसलेली. साडूने अख्खा प्रसंग करून दाखवला, माझं तोंड, माझी बोटं, माझा आवाज... आणि आमच्या सासूबाई, ज्यांनी उभ्या जन्मात मला 'अहो'शिवाय हाक मारली नाही, त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतात, "अगं, फळीला पाणी... हे आपलं... जावईबापूंना पाणी दे!"

तुम्हाला सांगतो, ते पाणी मी प्यायलो. घोटाघोटाने प्यायलो. आणि ग्लास खाली ठेवताना मनाशी म्हटलं, या स्प्रिंगचा मी खिळा करून दाखवेन. याच खोलीत, याच पेटीवर, याच्याच तोंडासमोर!

आता नियती बघा माझी. संशोधनात दोन गट असतात. एक व्यायाम करणाऱ्यांचा आणि दुसरा तुलनेसाठी. कोण कुठे, हे कुणी निवडत नाही, संगणक ठरवतो आणि ज्याला त्याला बंद पाकीट मिळतं. साडूच्या पाकिटात निघालं, 'व्यायाम गट'. त्याला रबरी पट्टा मिळाला, निळी गादी मिळाली, आठवड्यातून ठरावीक दिवशी शिकवायला भाची स्वतः. आणि माझ्या पाकिटात 'तुलना गट'.

"तुलना गट म्हणजे मी करायचं काय?"

"काहीच नाही, आतोबा."

"काहीच म्हणजे?"

"म्हणजे नेहमी जगता तसंच जगायचं. नवीन व्यायाम सुरू करायचा नाही. अजिबात नाही हं! नाहीतर आमची तुलनाच बिघडते."

शेजारून आमची ही म्हणते, "त्याची काळजी करू नकोस गं. यांचा हात धरणारा कुणी नाही त्यात."

म्हणजे साडूने वाकायचं, वळायचं, उड्या मारायच्या, दिवसेंदिवस लवचिक व्हायचं, आणि मी? मी काहीच करायचं नाही! सूड घ्यायला निघालेल्या माणसाला शास्त्राने सांगितलं की खुर्चीवर बस! अहो, न्याय आहे का हा?

बरं, हा साडू नुसता व्यायाम करून थांबेल? छे! दर रविवारी सासरच्या दिवाणखान्यात प्रयोग. "साडूभाऊ, हे बघा, हा मांडीच्या मागचा स्नायू. असा ताणायचा, श्वास सोडत सोडत. घाई करायची नाही. झटका द्यायचा नाही. झटका दिला की संपलं!" मी सोफ्यावर. तोंडावर जांभई, डोळे अर्धे मिटलेले, हातात वर्तमानपत्र... आणि त्या वर्तमानपत्राच्या वरच्या कडेवरून मी एकूण एक गोष्ट टिपतोय! पाय किती अंतरावर, पाठ कुठून वाकवायची, श्वास कधी. तो मला चिडवण्यासाठी दाखवतोय, आणि मी फुकटात शिकतोय! इतका मन लावून शिकवणारा गुरू मला शाळेत भेटला असता ना, तर मी आज चष्मे विकत नसतो.

सगळं करायचं कुठे, हा प्रश्न. घरी बायको, आणि बायकोला कळलं की तिच्या बहिणीला कळलंच. पण दुकानात मागे माझी डोळे तपासायची खोली आहे. दार बंद, पडदा ओढलेला, मिणमिणता दिवा. आणि माझ्या धंद्यातली एक गंमत तुम्हाला सांगतो... डोळे तपासताना मी गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य काय सांगतो? "चष्मा काढून ठेवा." बस! चष्मा काढला की समोर मी आहे का कपाट, त्याला काय कळतंय?

मनगटावर भाचीने हालचाल मोजायचं एक घड्याळ बांधलं होतं, ते मी काढून खुर्चीवर ठेवायचो. माझ्या वाट्याचा आराम ते करायचं. आणि मी सुरू! गिऱ्हाईक वरची ओळ वाचतंय, मी डाव्या पायावर. खालची ओळ वाचतंय, मी उजव्या पायावर. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा केला होता, तो कपाटाच्या कडीला अडकवून ओढायचो. एक निवृत्त मास्तरीणबाई येतात माझ्याकडे, फार चौकस. त्या वाचता वाचता मधेच थांबल्या.

"अहो, तुम्ही कुठे गेलात?"

"इथेच आहे, बाई."

"पण आवाज खालून येतोय!"

"नंबर बराच वाढलाय तुमचा."

काय सांगणार त्यांना? की मी तुमच्या पायाशी बसून माझ्या अंगठ्यांपर्यंत पोचायचा प्रयत्न करतोय?

आणि सोपं होतं का हो ते? पहिल्या पहिल्यांदा तर रोज एखादा नवा अवयव हाक मारायचा. जिथे स्नायू असतो हे मला माहीतच नव्हतं, तिथे दुखायचं! एकदा वाकलो तो वाकलेलाच राहिलो. बाहेर गिऱ्हाईक फ्रेम बघतंय, आणि मी काटकोनात बाहेर आलो. काउंटरच्या खालच्या फळीवर काहीतरी शोधतोय असं दाखवत अख्खा चष्मा विकला! घरी गेलो तर ही विचारते, "कंबरेला काय झालं?" म्हटलं, "बसून बसून आखडली." "मग जरा हातपाय हलवा!" "नाही गं, संशोधनात बसत नाही. मी काहीच करायचं नाही!"

मधून मधून भाचीचा फोन. "आतोबा, काही सुरू नाही ना केलं?" मी एका पायावर उभा राहून म्हणायचो, "छे गं! खुर्ची सोडली तर शपथ!"

आणि मग एक दिवस... सांगताना अंगावर काटा येतो... बोटं पायाच्या अंगठ्यांना लागली. पहिल्यांदा! मला तर ओळखूच आले नाहीत ते. वरून बघायची सवय, जवळून वेगळेच दिसतात. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. आणि त्या पाण्यात मला कोण दिसलं? साडू! म्हटलं, ये बेट्या, आता ये पेटीवर!

शेवटच्या चाचणीचा दिवस. साडू नवा ट्रॅकसूट घालून आलेला, बाजूला चकचकीत पट्टे. प्रेक्षकही त्यानेच आणले. त्याची बायको, माझी बायको, झालंच तर सासूबाई! "येऊ दे की, पोरीचं काम बघतील," म्हणे. पोरीचं काम बघायला, की फळी बघायला? मी मुद्दाम जुनीच विजार घालून गेलो, चपला ओढत. दारातच खुर्ची दिसली तशी बसलो आणि जांभई दिली. अशी जांभई मी जन्मात दिली नसेल. दोन्ही कानांपर्यंत!

साडू पेटीवर. वाकला. पट्टी गेल्या वेळेपेक्षा पुढे. टाळ्या! सासूबाईसुद्धा! मग तो उठला आणि मला हात दाखवून म्हणतो, "या साडूभाऊ, सांभाळून. कुणीतरी मागून धरा हो, फळी आहे, कडाकड मोडायची!"

बसलो. पाय सरळ केले. श्वास सोडत सोडत... घाई नाही, झटका नाही... त्याचेच शब्द, त्याचाच मंत्र... वाकलो. आणि पट्टी निघाली! त्याच्या खुणेपाशी आली, आणि तिथे मी थांबलो. मुद्दाम थांबलो! मान वळवली, तो जसा माझ्याकडे बघून हसला होता तसाच त्याच्याकडे बघून हसलो, आणि मग पट्टी हळूच पुढे ढकलली. पेटी संपली हो! पट्टी खाली पडली! खोलीत असा आवाज झाला, टण्ण... आणि साडूचा चेहरा! तो चेहरा मला फ्रेम करून दुकानात टांगता आला असता, तर मी बाकीच्या फ्रेमा विकायचं बंद केलं असतं.

मग एका पायावर, डोळे मिटून. शेजारी तोही. मला त्याचा श्वास ऐकू येतोय, आधी लांब, मग आखूड, मग 'धप्प'. मी उभाच. भाची म्हणते, "पुरे, आतोबा." म्हटलं, "पुरे? मला वाटलं अजून सुरू व्हायचंय." मग चेंडू. उजव्याने मारतोय, डाव्याने झेलतोय, आणि मधल्या वेळात सासूबाईंची चौकशी करतोय! "काय म्हणतात गुडघे तुमचे?"

सगळं झाल्यावर परत खुर्चीवर बसलो, चपला घातल्या आणि म्हटलं, "आम्ही काय बुवा... काहीच करत नाही."

जिंकलो! पण तेवढ्यात माझी नजर भाचीकडे गेली. पोरीचा चेहरा पांढरा फटक. एका हातात आधीचे आकडे, एका हातात आताचे. जवळ आली, आणि हळूच, "आतोबा, खरं सांगा. मी रागवणार नाही. तुम्ही काहीच केलं नाहीत?"

सगळी खोली माझ्याकडे बघतेय. आता बघा, खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? साडू ताडकन उठून म्हणाला असता, "म्हणजे माझंच बघून केलंत! म्हणजे शिकवलं मीच! म्हणजे फळीला वाकवलं मीच!" आणि पुढच्या रविवारपासून त्याचाच नाट्यप्रयोग, नवा अंक! एवढ्या वेदना सोसून मी त्याला हे आयतं ताट द्यायचं? ज्याच्यासाठी मास्तरीणबाईंच्या पायाशी लोळलो, तो सूड असा हातचा सोडायचा?

म्हटलं, "काहीच नाही गं. शपथ!"

पोरीचं नशीब बलवत्तर. तुलना गटातली बाकीची माणसं सरळमार्गी होती, नेमून दिल्याप्रमाणे काही न करता तशीच्या तशी आखडलेली राहिली होती. त्यामुळे तिचं संशोधन तरलं. व्यायामाने शरीर सुटतं, ताकद वाढते, तोल सुधारतो, सगळं सिद्ध झालं, फक्त एक अपवाद सोडून. आणि तो अपवाद बघायला आल्या तिच्या मार्गदर्शक बाई. उंच, कोरड्या आवाजाच्या. त्यांनी मला चहूबाजूंनी न्याहाळलं, आम्ही एखाद्या फ्रेमला तडा आहे का बघतो ना, तसं. आणि म्हणाल्या, "विलक्षण आहे. यांचा वेगळा अभ्यास झाला पाहिजे. वर्षभर."

"करायचं काय मी?"

"आतापर्यंत केलंत तेच. काहीच करायचं नाही."

आणि मनगटावर पट्टा बांधला. हा आधीच्यासारखा नाही बरं का! इस्पितळात तान्ह्या बाळाच्या पायात बांधतात ना, तसला, कापल्याशिवाय निघत नाही. नुसता हात वर केला तरी तिकडे कळतं. आता झाली का पंचाईत? व्यायाम केला तर पट्टा चुगली करणार, नाही केला तर अंग चुगली करणार! दुकानातली ट्यूब कडीला लोंबकळतेय आणि मी नुसता बघतोय. माणसाला सूड एवढा पुरेपूर मिळावा, की त्यातून बाहेरच पडता येऊ नये?

आणि साडू? साडू भाचीकडे गेला आणि म्हणाला, "मलाही काहीच न करणाऱ्यांत घाल. साधं घड्याळ दे, पण घाल!" आणि आता रोज संध्याकाळी माझ्या घरी. माझ्याच सोफ्यावर, मला खेटून. "साडूभाऊ, तुम्ही आमचे गुरू. बसताना पाठ अशी टेकवता का? आणि जांभई आधी, की मग?" बायको म्हणते, "बघा, किती मान देतात तुम्हाला!" हो ना... मान दिला, आणि तीच आता वळेना झालीय माझी.

बरं, तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका. परवा तो सोफ्यावर बसला ना, तो एकदम नाही बसला. आधी हात टेकला, मग हळूच एक मांडी, मग दुसरी, ओठ आवळून. अहो, ते बसणं मी ओळखतो! बसून बसून आखडलेला माणूस तसा बसत नाही, लपूनछपून ताणलेला माणूस तसा बसतो! आणि मनगटावरचं घड्याळ? "अरेच्चा, घरी खुर्चीवर राहिलं वाटतं," म्हणे! लबाड! चोर! शास्त्राचा गुन्हेगार! माझ्या अगदी ओठांवर आलं, पण बोलू कसा? तो लगेच विचारेल, "तुम्हाला हो कसं कळलं?"

आज इकडे यायला निघालो. मोजे घालायला खाली वाकलो, तर बोटं नडगीपाशी येऊन थांबली. पुढे जाईनात. ढकलतोय, पण जाईनात. साडू शेजारीच होता. त्याने बघितलं, पण अक्षर बोलला नाही. फळी नाही, रंधा नाही, काही नाही. नुसता मिशीतल्या मिशीत हसला, बसल्या जागेवरून असा लवलवत खाली वाकला, माझा मोजा उचलला आणि माझ्या पायात चढवला... अगदी व्यवस्थित, टाचेची टाच जुळवून.

मी तरी काय करणार? दुसरा पाय पुढे केला.